हाडसांधीचा अर्क वाढवला की परिणाम उलटतो: दोष प्रयोगाचा की गुण वनस्पतीचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोडलेल्या हाडावर वापरल्या जाणाऱ्या हाडसांधी या वेलीच्या खोडाचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क तुम्ही उंदराच्या एमसी३टी३-ई१ या अस्थिजनक, म्हणजे हाड बांधणाऱ्या, पेशींना सात दिवस दिला. १० आणि ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला अल्कलाइन फॉस्फेटेज (या पेशी परिपक्व होत असल्याची खूण मानले जाणारे विकर, म्हणजे एन्झाइम) वाढले, १०० ला ते अर्क न दिलेल्या पेशींइतकेच राहिले आणि ३०० ला जवळजवळ निम्म्यावर आले. निष्कर्ष गोंधळतो म्हणून मार्गदर्शकांनी ३०० चा बिंदू आलेखातून वगळायला सांगितले आहे आणि तो वगळावा की नाही, हे तुम्हाला ठरवता येत नाही. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे की फोंड्याच्या आजीचे मनगट मोडले असून घरची मंडळी तिला कुळागराच्या कडेला वाढलेल्या वेलीचा रस देत आहेत, तर तुमच्या आकड्यांवरून तिची मात्रा ठरवता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याची कारणे पुढे देते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येणार नाही. 'मात्रा वाढवली की परिणाम उलटतो' हे चित्र आलेखावर एकच दिसत असले तरी ते तीन अगदी वेगळ्या कारणांनी उमटू शकते. अर्क मोजणीतच ढवळाढवळ करत असेल, पेशी मरत असतील किंवा तीच वनस्पती कमी मात्रेत एक आणि जास्त मात्रेत दुसरे काम खरोखरच करत असेल. यांपैकी तुमच्या प्रयोगात काय घडले हे मला इथून सांगता येणार नाही, कारण ते अर्क कसा काढला, माध्यमात काय होते, पेशी कितव्या पिढीच्या होत्या आणि मोजणी कोणत्या दिवशी केली यांवर अवलंबून आहे. ही कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करायची, तेवढे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगू शकते.

मोजणीपासून सुरुवात करते, कारण गेल्या एकवीस वर्षांत मी स्वतः सर्वांत जास्त तिथेच फसले आहे. एका जुलै महिन्यात आम्ही एका तुरट सालीचा अर्क एमटीटी चाचणीने तपासत होतो. या चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, म्हणून जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जास्त जिवंत असे आपण मानतो. प्लेटमधले सर्वांत मोठ्या मात्रेचे खळगे (पेशी वाढवण्याच्या छोट्या वाट्या) इतके गडद जांभळे आले की यंत्राने अर्क न दिलेल्या पेशींपेक्षाही मोठा आकडा दाखवला आणि आम्हा सगळ्यांना आनंद झाला. प्लेट फेकून देण्यापूर्वी सहज म्हणून मी आदल्या दिवशी काढलेली सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे उघडली. त्याच खळग्यांत एकही पेशी पसरून चिकटलेली नव्हती. सगळ्या गोल होऊन, वाटाण्यासारख्या सुट्या, माध्यमात तरंगत होत्या. मग आम्ही पेशी नसलेल्या खळग्यांत नुसता अर्क आणि एमटीटी घालून पाहिले, तर अर्ध्या तासात तेही जांभळे झाले. सालीतली पॉलिफेनॉल स्वतःच त्या पिवळ्या द्रव्याचे क्षपण करत होती. तेव्हापासून आमच्याकडे कोणत्याही अर्काचा पहिला प्रयोग पेशींशिवाय होतो.

तुमच्या अल्कलाइन फॉस्फेटेजच्या चाचणीत हा धोका दोन्ही बाजूंनी आहे. तिथे रंगहीन द्रव्यापासून पिवळा रंग तयार होतो आणि तो ४०५ नॅनोमीटरला मोजतात. हिरवट-तपकिरी अर्क पेशी धुतल्यानंतरही थोडा मागे राहिला, तर तोच प्रकाश शोषून तो आकडा फुगवतो. उलट बाजूने, हे विकर जस्तावर अवलंबून असते आणि धातूंचे आयन पकडून ठेवणारी किंवा प्रथिनांना गोठवणारी द्रव्ये, म्हणजे मुख्यतः टॅनिन, त्याला थेट निकामी करू शकतात. तसे झाले असेल, तर तुमचा ३०० चा निम्मा आकडा पेशींविषयी काहीच सांगत नाही, तो चाचणीच्या नळीतल्या रसायनाविषयी सांगतो. पडताळणी सोपी आहे. अर्क कधीच न दिलेल्या पेशी फोडून मिळालेल्या द्रवात शेवटच्या क्षणी थोडा अर्क मिसळा आणि आकडा घसरतो का ते पाहा. घसरला, तर पेशी धुण्याची पद्धत सुधारून प्रयोग पुन्हा करावा लागेल.

कमी मात्रेला दिसलेल्या वाढीकडेही तितक्याच संशयाने पाहा. वाईट निकाल तपासायचा आणि चांगला निकाल तसाच स्वीकारायचा, ही आपली सवय प्रयोगाला फार महागात पडते. एमसी३टी३ पेशींना कोलॅजन रचून पुढे परिपक्व होण्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, लागते. नेहमीच्या पद्धतीत ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि त्याच्या जोडीला १० मिलिमोलर बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट देतात. हाडसांधीच्या खोडात क जीवनसत्त्व असते. तुमच्या माध्यमात ॲस्कॉर्बिक आम्ल नसेल किंवा जुन्या बाटलीत ते उडून गेले असेल, तर १० मायक्रोग्रॅमला दिसलेला 'गुण' वनस्पतीच्या एखाद्या खास द्रव्याचा नसून केवळ त्या जीवनसत्त्वाचा असण्याची शक्यता राहते. ताजे ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेल्या माध्यमातही वाढ टिकली, तरच ती अर्काची समजा. याच्याच जोडीला विद्रावकाचा हिशेब तपासा. अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवला असेल आणि मात्रेबरोबर त्याचे प्रमाणही वाढत गेले असेल, तर ३०० च्या खळग्यात तुम्ही अर्काबरोबर विद्रावकाचीही मोठी मात्रा दिली आहे. सर्व खळग्यांत, नियंत्रण गटातही, विद्रावक सारखाच असला पाहिजे आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत.

हे सगळे निर्दोष निघाले, तर पेशी मरत आहेत का हा प्रश्न येतो. तुम्ही एमटीटीचा आकडा १०० मायक्रोग्रॅमला थोडा कमी झाल्याचे लिहिले आहे आणि त्यावरून अर्क 'किंचित विषारी' ठरवला आहे. इथे मी तुम्हाला थांबवते. अस्थिजनक पेशी परिपक्व होऊ लागली की तिचे विभाजन मंदावते, त्यामुळे पेशींची संख्या थोडी कमी आणि प्रत्येक पेशीतले विकर जास्त, असे चित्र उत्तम परिपक्वतेचेही असू शकते. विषबाधा दाखवायची असेल, तर मेलेली पेशी दाखवावी लागते: ट्रिपॅन ब्लूने निळ्या झालेल्या पेशी मोजा किंवा फुटलेल्या पेशींतून माध्यमात आलेले लॅक्टेट डिहायड्रोजनेज मोजा. याच्या उलट चूकही होते. विकराचा आकडा आपण एकूण प्रथिनाने भागतो. पेशी मोठ्या संख्येने मेल्या आणि उरलेल्या थोड्या चिवट पेशींत विकर भरपूर असले, तर भागाकार सुंदर दिसतो, पण खळगा जवळजवळ रिकामा असतो. म्हणून भागाकाराच्या शेजारी न भागलेला आकडा आणि प्रथिनाचा आकडा हे दोन्ही छापा. निव्वळ गुणोत्तर दिलेल्या आलेखावर मी परीक्षक म्हणून विश्वास ठेवत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत रंजक आहे आणि माझ्या मते मार्गदर्शकांनी तिचाच विचार पुरेसा केलेला नाही. हाडाच्या पेशींच्या बाबतीत मात्रेप्रमाणे दिशा बदलणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. सोयाबीनमधल्या जेनिस्टीनचे उदाहरण घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात उंदराच्या पूर्वपेशींना ते सुमारे १ मायक्रोमोलरपर्यंत दिले, तेव्हा ते इस्ट्रोजेनसारखे वागले आणि पेशी हाडाच्या वाटेने गेल्या. त्याहून जास्त मात्रेत तेच द्रव्य पीपार-गॅमा या दुसऱ्याच ग्राहीला (पेशीतल्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) जागे करू लागले आणि त्याच पेशी चरबीच्या वाटेने वळल्या. या पूर्वपेशींपुढे दोन्ही वाटा खुल्या असतात आणि एकच रेणू कमी मात्रेत एक कुलूप व जास्त मात्रेत दुसरे कुलूप उघडतो. अर्कात तर एक रेणू नसतो, शेकडो असतात. हाडसांधीतच क्वेर्सेटिन, रेझव्हेराट्रॉल आणि त्याची भावंडे, स्टेरॉइडवर्गातली द्रव्ये, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. हाताने खोड चिरताना जी खाज सुटते, ती याच स्फटिकांमुळे. उपकारक द्रव्य कमी मात्रेतच पुरे पडत असेल आणि अपायकारक द्रव्याची मात्रा १०० नंतर जाणवण्याइतकी होत असेल, तर दोन्हींची बेरीज तुमच्या आलेखासारखीच दिसेल.

मात्रेबरोबर काळही येतो, हे विसरू नका. पॅराथायरॉइड संप्रेरक सतत चढे राहिले तर हाड झिजते. पण त्याचाच तुकडा असलेले टेरिपॅराटाइड रोज एकदा २० मायक्रोग्रॅम टोचले तर नवे हाड तयार होते आणि अस्थिठिसूळपणावर ते औषध म्हणून वापरले जाते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे असेच आहे: मानवी पूर्वपेशींना हाडाच्या वाटेला लावण्यासाठी आपण प्रयोगशाळेत त्याचा लवलेश मुद्दाम घालतो, आणि त्याच वर्गातली औषधे महिनोन्महिने घेणाऱ्या रुग्णाची हाडे ठिसूळ होतात. तुम्ही अर्क सात दिवस सलग दिला आहे. पहिले दोन दिवस देऊन नंतर काढून घेतला असता तर ३०० चा आकडा वेगळा आला असता का, हे पाहण्यासारखे आहे, आणि एका सुट्टीच्या आठवड्यात ते होऊ शकते.

म्हणून ३०० चा बिंदू वगळू नका. तो वगळला तर उरते ती 'हाडसांधी हाडाला चांगली' ही कथा, आणि ती आपल्या आजीला तुमच्या प्रयोगाआधीही ठाऊक होती. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकातच या वेलीचा प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवरचा परिणाम अभ्यासला होता. तुमच्या कामात नवे काही असेल, तर ते त्या वळणात आहे. मात्रा कुठे वळते हे नीट दाखवण्यासाठी १, ३, १०, ३०, १००, ३०० अशा साधारण तिपटीच्या पायऱ्या घ्या आणि ३० ते १०० च्या दरम्यान आणखी दोन बिंदू वाढवा. एकाच दिवशी एकाच प्लेटमधले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशी लावून, अर्क नव्याने विरघळवून केलेले तीन प्रयोग मोजा. प्लेटच्या कडेच्या खळग्यांतले पाणी उडते आणि तिथली मात्रा आपोआप वाढते, म्हणून कडेला फक्त बफर भरा. २१ व्या दिवशी ॲलिझरिन रेडने खनिज रंगवाल तेव्हाही पेशी नसलेला, फक्त अर्क घातलेला खळगा शेजारी ठेवा, कारण मोठ्या मात्रेला अर्कातलाच कॅल्शियमयुक्त गाळ तळाशी बसतो आणि लाल दिसतो.

एक अडचण खास आपल्याकडची आहे आणि बाहेरच्या कोणत्याही पद्धतीच्या वर्णनात तुम्हाला ती सापडणार नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर सुकवलेल्या अर्काची भुकटी बाटलीचे झाकण उघडताच ओलावा धरते. मी स्वतः पाहिले आहे की सकाळी सुटी असलेली भुकटी दुपारपर्यंत ओल्या गुळासारखी कुपीला चिकटते. तुम्ही तिच्यातले १० मिलिग्रॅम तोलता तेव्हा त्यात पाणी किती आणि अर्क किती हे तराजू सांगत नाही. मे महिन्यात केलेल्या प्रयोगातले ३० आणि ऑगस्टमधले ३० एकसारखे नसण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. संपूर्ण भुकटी एकदाच, कोरड्या दिवशी, तोलून विरघळवा, छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा आणि प्रत्येक कुपी एकदाच वापरा. खोड कोणत्या महिन्यात, कोणत्या जागेवरून आणि कोवळे की जून कापले तेही लिहा. पावसाळ्यात रसरसलेले खोड आणि एप्रिलमध्ये उन्हात आकसलेले खोड यांच्या ताज्या वजनावरून मात्रा काढली, तर हिशेब हमखास चुकतो. वनस्पतीचा वाळवलेला नमुना तज्ज्ञाकडून ओळखून घेऊन संग्रहात ठेवला नसेल, तर लेखन थांबवून आधी ते करा.

अस्थिभक्षक पेशींवर काम करण्याचा तुमचा पुढचा विचार योग्य आहे, कारण हाड हे बांधणाऱ्या आणि खोदणाऱ्या पेशींच्या तोलावर टिकते. उंदराच्या आरएडब्ल्यू २६४.७ या पेशी रँकल हे प्रथिन देऊन अस्थिभक्षक, म्हणजे हाड खोदणाऱ्या, बनवता येतात, पण तिथे दोन खड्डे आहेत. अर्काने पूर्वपेशीच मेल्या तर अस्थिभक्षक कमी दिसतात आणि आपण 'झीज थांबली' असे लिहून मोकळे होतो. शिवाय वनस्पतीबरोबर आलेल्या जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातले विषारी द्रव्य) ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून आरपार जाते आणि या पेशी त्याला फार तीव्र प्रतिसाद देतात. एंडोटॉक्सिन मोजल्याशिवाय त्या पेशींवर अर्क घालू नका.

आता आजीविषयी. तुमच्या प्लेटमधले ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर माणसाच्या सुमारे तीन लिटर रक्तद्रवात गाठायचे, तर ९० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी, न बदलता, रक्तात असायला हवा. प्रत्यक्षात पोटातून गेलेल्या वनस्पतिद्रव्यांचा फार थोडा भाग आतड्यातून पलीकडे जातो आणि यकृत त्याचे रूप बदलते. हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण डोळे उघडणारे आहे: २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील अभ्यासात रोज ८ ग्रॅम तोंडाने देऊनही रक्तातले सरासरी उच्चतम प्रमाण १.८ मायक्रोमोलरच्या आसपास राहिले, आणि पेशींवरच्या प्रयोगांत आपण सर्रास १० ते २० मायक्रोमोलर वापरतो. त्यातच तुमच्या अर्कासाठी अल्कोहोल वापरले आहे, तर घरचा रस पाण्याचा आहे. दोन्हींत उतरणारी द्रव्येच वेगळी. त्यामुळे मिलिग्रॅमवरून मिलिलिटर काढण्याचे कोणतेही प्रामाणिक सूत्र नाही.

पेशी आणि हाडाची घनता यांवरून माणसाविषयी घाईने बोलण्याची किंमत वैद्यकाने एकदा मोजली आहे. फ्लोराइड अस्थिजनक पेशींना चेतवते हे ठाऊक होते. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षे कॅल्शियमबरोबर रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. तरीही मणके मोडण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही आणि कण्याबाहेरची हाडे तर जास्त मोडली. हाड वाढले होते, पण मजबूत झाले नव्हते. घनतेचा आकडाही जिथे इतका फसवतो, तिथे सात दिवसांच्या विकराच्या आकड्यावरून आजीची मात्रा मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका.

आजीसाठी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले असेल, तर त्या वयात तो अस्थिठिसूळपणाचा पहिला इशारा मानतात. अस्थिरोगतज्ज्ञांना हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीविषयी स्वतःहून विचारा. टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडाशी केलेल्या घनतेच्या तुलनेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर उपचार वेगळे आणि परिणामकारक आहेत. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्या. रस चालूच असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका आणि रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर ते आवर्जून सांगा. कच्च्या रसाने घसा खाजत असल्याची तक्रार आजी करत असेल, तर ती कुरकुर समजू नका; ते ऑक्झलेटचे स्फटिक आहेत, आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा मुतखडा झालेल्या माणसाला कच्चा रस देणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

प्रबंधापुरते सांगायचे, तर मार्गदर्शकांशी वाद घालण्याआधी पेशी नसलेले खळगे आणि फोडलेल्या पेशींत अर्क मिसळण्याची चाचणी ही दोन कामे करून घ्या. दोन्ही मिळून दीड दिवसाचे काम आहे. तो कागद हातात घेऊन त्यांच्याकडे गेलात, की ३०० चा बिंदू ठेवायचा का या प्रश्नाऐवजी तो का घसरला यावर बोलणे होईल. चाचण्या स्वच्छ आल्या तर तीन महिन्यांत आठ मात्रांचा पूर्ण आलेख तयार होऊ शकतो. त्याचे आकडे इथे लिहा, मी नक्की पाहीन.